जुन्या शर्यती मोटारींची कालसंगत पुनर्रचना : आधारभूत मॉडेलच्या निवडीचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

एखादी वस्तू जुनी आहे असे म्हणणे आणि ती एका विशिष्ट काळाची आहे असे म्हणणे, या दोन विधानांत मोठे अंतर आहे. पहिल्या विधानास वस्तूचे वय पुरते. दुसऱ्यास पुरावा लागतो. हस्तलिखिते, नाणी आणि शिलालेख यांच्या अभ्यासकांना हा भेद अपरिचित नाही. परंतु यंत्रांच्या बाबतीत तो अद्याप नीटसा रुजलेला नाही. जुन्या मोटारींची हौस आपल्याकडे आता बरीच पसरली आहे; मुंबईपुण्याकडील प्रदर्शनांत चकचकीत मोटारी पाहावयास गर्दी लोटते. तथापि अशा मोटारीतील कोणता भाग कोणत्या वर्षाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या क्षेत्रातील एक उपशाखा विशेष विचारार्ह आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर ‘ड्रॅग’ या नावाने एक शर्यत रूढ झाली. दोन मोटारी उभ्या जागेवरून एकदम सुटावयाच्या आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर तोडावयाचे, एवढेच तिचे स्वरूप. त्या काळातील शर्यती मोटारींसारखी मोटार आज पुन्हा बांधणे हा जगभरच्या अनेक कारागिरांचा ध्यास आहे. अशी मोटार ‘कालसंगत’ असावी, म्हणजे निवडलेल्या वर्षी जे नव्हते ते तिच्यात असू नये, असा त्यांचा दंडक आहे. हा दंडक पाळावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, आणि महाराष्ट्रात असा प्रयोग करावयाचा झाल्यास कोणते मॉडेल आधारास घ्यावे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. शर्यतीचा उगम

या शर्यतीचा उगम दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर झाला. तेथे तरुण कारागीर जुन्या फोर्ड मोटारींचे मडगार्ड, टप आणि अन्य जडसामान उतरवून त्या वेगाने हाकीत. १९३७ मध्ये या मंडळींनी वेगमापनासाठी एक संघटना स्थापन केली. महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांपाशी यंत्रज्ञान होते, हाती थोडा पैसा होता, आणि ओस पडलेल्या लष्करी धावपट्ट्या मोकळ्या होत्या. जून १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना स्थापिली, एप्रिल १९५३ मध्ये पोमोना येथे तिच्या मान्यतेची पहिली शर्यत झाली आणि १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

या इतिहासातील यंत्रांचा क्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. १९३२ मध्ये फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत बसविले. त्याची घनक्षमता २२१ घन इंच आणि शक्ती ६५ अश्वशक्ती होती. पुढील दोन दशके हेच इंजिन हौशी कारागिरांचे भांडवल होते. १९५५ मध्ये शेव्हरोले कंपनीचे २६५ घन इंचांचे, १६२ अश्वशक्तीचे नवे इंजिन आले. ते हलके व आटोपशीर होते. त्यामुळे थोड्याच वर्षांत जुन्या फोर्ड इंजिनाची सद्दी संपली. १९५७ मध्ये राष्ट्रीय संघटनेने नायट्रोमिथेनसारख्या विशेष इंधनांवर बंदी घातली. ती १९६३ पर्यंत टिकली. या बंदीच्या काळात साध्या पेट्रोलवर धावणाऱ्या मोटारींना महत्त्व आले. अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, म्हणून त्या वर्गातील मोटारींना ‘गॅसर’ हे नाव पडले. वजन आणि इंजिनाची घनक्षमता यांच्या गुणोत्तरावरून त्यांचे वर्ग पाडले जात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘पन्नाससाठच्या दशकातील मोटार’ असा मोघम संकल्प कालसंगत रचनेस निरुपयोगी आहे. १९३२ च्या फोर्ड मोटारीत १९५५ चे शेव्हरोले इंजिन बसविल्यास ती मोटार १९५७ ची म्हणून शुद्ध ठरेल, १९५१ ची म्हणून अशुद्ध. शर्यत सुटण्याची खूण देणारा रंगीत दिव्यांचा खांब १९६३ मध्ये आला. त्यापूर्वी निशाण हाती घेतलेला मनुष्य दोन मोटारींच्या मध्ये उभा राहून खूण देई. म्हणून दशक नव्हे, वर्ष ठरविले पाहिजे. ज्याप्रमाणे एखाद्या पोथीचा काळ तिच्यातील सर्वांत अर्वाचीन उल्लेखावरून ठरतो, त्याप्रमाणेच मोटारीचा काळ तिच्यातील सर्वांत अलीकडच्या भागावरून ठरतो. बाकीचे सर्व भाग जुने असले तरी तो एक भाग तिची पूर्वसीमा पुढे ओढतो.

३. रूप आणि कारण

गॅसर मोटारीचे चित्र एकदा पाहिलेला मनुष्य ती विसरत नाही. तिचे नाक उंच उचललेले असते, पुढची चाके बारीक व मागची रुंद असतात, पुढे बैलगाडीच्या आसासारखा एकसंध सरळ आस असतो. आजचे हौशी कारागीर हे रूप शोभा म्हणून उचलतात. परंतु ते शोभेसाठी जन्मले नव्हते. ते एका अडचणीचे उत्तर होते.

ही अडचण पकडीची होती. मागच्या चाकांनी ओढली जाणारी मोटार जमिनीला किती जोराने ढकलू शकेल, हे इंजिनाच्या शक्तीइतकेच त्या चाकांवरील भारावर आणि टायरच्या घर्षणावर अवलंबून असते. घर्षणांक १ आहे आणि मोटारीचा सर्व भार मागच्या चाकांवर आहे असे मानले, तरी तिचा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाहून अधिक होणार नाही. या हिशेबाने ४०२ मीटर अंतर तोडावयास किमान ९ सेकंद लागतील. त्या काळच्या सामान्य टायरांची पकड याहून पुष्कळ कमी होती. म्हणून कारागिरांनी मोटारीचा गुरुत्वमध्य वर उचलला, की सुटताना भार मागे झुकावा आणि मागची चाके जमिनीत रुतून बसावीत. इंजिन मागे सरकविण्यासही नियमांनी मर्यादित मुभा होती. पुढे शर्यतीसाठी खास घडविलेले, खाचा नसलेले मऊ रबराचे टायर सुधारत गेले आणि जुने गणित मागे पडले. पकड टायरनेच दिल्यावर उंच नाकाचे प्रयोजन उरले नाही. वेग वाढला तसा उंच मोटारीचा धोकाही वाढला, आणि हे रूप हळूहळू लोपले.

आता एखाद्याने उंच नाकाची मोटार बांधली आणि तिला आजचे उत्तम पकडीचे टायर बसविले, तर काय होते? प्रत्येक भाग दिसावयास जुन्यासारखा असला तरी भागांचा परस्परसंबंध खोटा ठरतो. ज्या अडचणीमुळे ते रूप आले ती अडचणच तेथे नाही. हे म्हणजे ज्ञानेश्वरकालीन प्रत्यये लावून आजची वाक्यरचना लिहिण्यासारखे आहे. शब्द जुने, व्याकरण नवे. सारांश, कालसंगती ही मुळात कारणसंगती आहे. कोणता भाग केव्हा निघाला हे जाणणे ही पहिली पायरी. तो का निघाला हे जाणणे ही दुसरी. दुसरी पायरी न चढता पहिलीवर थांबणाऱ्याच्या हातून वेषांतर घडते, पुनर्रचना घडत नाही.

४. विलीज : एका नावाचे दोन इतिहास

गॅसर वर्गातील सर्वांत नावाजलेली मोटार म्हणजे ओहायो राज्यातील टोलेडो येथील विलीज-ओव्हरलँड कंपनीची दोन दारांची छोटी मोटार. या कंपनीचे ‘७७’ हे मॉडेल १९३३ ते १९३६ या काळात निघाले. जागतिक मंदीच्या दिवसांत स्वस्तात विकली जावी म्हणून ती लहान व हलकी केली होती. तिच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर १०० इंच होते आणि तिचे चार सिलिंडरांचे इंजिन अवघ्या ४८ अश्वशक्तीचे होते. त्या गरीब मोटारीचे हलकेपणच वीस वर्षांनी तिच्या कामी आले. मोडीत निघालेल्या विलीज मोटारी कवडीमोलाने मिळत; त्यांत मोठे इंजिन बसविले की वजन आणि शक्ती यांचे गुणोत्तर एकदम अनुकूल होई. १९४१ ची विलीजही या कामी तितकीच लोकप्रिय झाली. स्टोन, वुड्स आणि कुक या भागीदारांची १९४१ ची विलीज १९६० नंतरच्या दशकात अमेरिकाभर गाजली. या भागीदारांतील स्टोन व वुड्स हे कृष्णवर्णीय होते, ही गोष्ट त्या काळाच्या सामाजिक इतिहासात नोंद घेण्यासारखी आहे.

विलीजचा दुसरा इतिहास महाराष्ट्राला जवळचा आहे. त्याच चार सिलिंडरांच्या इंजिनाची सुधारलेली, ६० अश्वशक्तीची आवृत्ती महायुद्धातील जीपमध्ये आली. म्हणजे पाव मैलाची मोटार आणि युद्धातील जीप या एकाच घराण्यातील बहिणी होत. १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद या नावाने स्थापन झालेल्या आणि १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झालेल्या कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी आरंभिली. पुढे अमेरिकेत १९५३ मध्ये निघालेले उंच बॉनेटचे ‘सीजे-३बी’ हे मॉडेल भारतात घडू लागले आणि मूळ देशात ते बंद झाल्यावरही येथे दीर्घकाळ चालू राहिले.

५. नामपूर : भाषेतील साक्ष

नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या काठी नामपूर हे बाजाराचे गाव आहे. कांद्याच्या लिलावासाठी भोवतालच्या खेड्यांतून येथे वाहने येतात. कॅलिफोर्नियातील धावपट्टी आणि मोसमकाठचा हा बाजार यांचा वरकरणी काही संबंध नाही. परंतु आधारभूत मॉडेलची निवड करताना विचार अशाच ठिकाणाहून सुरू केला पाहिजे. कारण यंत्र प्रदर्शनात उभे असते तेव्हा ते केवळ वस्तू असते. खेड्यातील मिस्त्रीच्या हाती जाते तेव्हा ते भाषेत शिरते.

ग्रामीण मराठीत ‘जीप’ हा शब्द आता सामान्यनाम झाला आहे. कंपनी कोणतीही असो, उघड्या बांध्याचे व उंच चाकांचे वाहन दिसले की ती ‘जीप’. ‘गाडी’ हा शब्द बैलांच्या वाहनापासून निघून मोटारीपर्यंत आला, पण पहिला अर्थ त्याने सोडला नाही. ‘मोटार’ या शब्दाची गंमत निराळीच आहे. शेतकऱ्याने ‘मोटार चालू कर’ असे म्हटले तर त्याचा अर्थ विहिरीवरील विजेचा पंप असा असतो. जेथे पूर्वी मोट चालत होती तेथे मोटार आली. ‘मोट’ व ‘मोटार’ या शब्दांचा व्युत्पत्तीने काडीचा संबंध नसताना वस्तूंच्या वारसाहक्काने ते शेजारी येऊन बसले. ‘मिस्त्री’ आणि ‘चावी’ हे शब्द पोर्तुगीज दर्यावर्द्यांनी आणले, ‘बॉनेट’, ‘मडगार्ड’ आणि ‘गॅरेज’ इंग्रजीतून आले. पण ‘आस’, ‘आरे’, ‘तुंबा’ आणि चाकावर चढविलेली लोखंडी ‘धाव’ हे शब्द सुतार-लोहारांचे, या मातीतले आहेत. सरळ पुढच्या आसाचे वर्णन करावयास मराठीला नवा शब्द घडवावा लागत नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

सरळ रेषेतील शर्यतीची कल्पनाही येथे परकी नाही. पुणे जिल्ह्यातील घाटांत धावणारा बैलगाडा आणि विदर्भातील शंकरपट यांत ठरावीक अंतर तोडावयास लागणाऱ्या सेकंदांवरच निकाल लागतो. त्यासाठी गाडी अगदी हलकी करून घेतात. ओझे वाहण्याचे तिचे मूळ काम बाजूस पडून धावणे हे एकच काम उरते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने या शर्यती थांबल्या. राज्याने कायदा दुरुस्त केल्यानंतर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना मान्यता दिली. कॅलिफोर्नियातील तरुणाने फोर्डचे मडगार्ड ज्या बुद्धीने उतरविले, त्याच बुद्धीने येथील सुतार पटाचा छकडा घडवितो. दोहोंत देवघेव झालेली नाही. समान प्रश्नाला समान उत्तर सुचले आहे.

६. उपलब्ध मॉडेलांचा विचार

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळावयास हरकत नाही. महाराष्ट्रात ज्यांचा आधार घेता येईल अशी पाच प्रकारची वाहने संभवतात.

पहिला प्रकार मुंबईत जुळणी झालेल्या अमेरिकन मोटारींचा. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लर कंपनीच्या परवान्याने डॉज व प्लिमथ मोटारी जुळू लागल्या. १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनंतर, ज्यांच्यापाशी भारतात संपूर्ण उत्पादनाची योजना नव्हती त्या परकीय कंपन्यांना १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळावा लागला. या मोटारींतून अमेरिकन धर्तीची शर्यती मोटार सहज बांधता येईल. परंतु त्या आता इतक्या विरळ झाल्या आहेत की त्यांतील एक कापणे म्हणजे कागद हवा म्हणून जुनी पोथी फाडणे होय.

दुसरा प्रकार जीपचा. ती मुबलक आहे, तिचा सांगाडा भक्कम आहे, आणि विलीजचे नाव तिला लाभले आहे. तथापि सीजे-३बीच्या दोन आसांतील अंतर केवळ ८० इंच आहे. आखूड आणि उंच वाहनास सरळ रेषेतील तीव्र प्रवेग मानवत नाही. ते वाकडे जाण्याचा आणि उलटण्याचा धोका मोठा. नावाच्या मोहाने केलेली ही निवड घातक ठरेल.

तिसरा प्रकार अ‍ॅम्बेसेडरचा. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मॉरिस ऑक्सफर्डच्या नमुन्यावर निघालेली ही मोटार २०१४ पर्यंत तयार होत होती. तिचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन टिकाऊ आहे. पण मोटार जड आहे, आणि हलकेपण हा तर या शर्यतीचा पहिला नियम.

चौथा प्रकार १९६१ पासून मद्रास येथे तयार झालेल्या स्टँडर्ड हेरल्डचा. तिचा सांगाडा वेगळा आणि त्यावरील पत्र्याचा बांधा वेगळा असल्याने कारागिरास ती सोयीची आहे. सुटे भाग मिळणे मात्र आता अवघड आहे.

पाचवा प्रकार फियाट ११०० चा. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती १९५० नंतरच्या दशकात निघू लागली. १९६४ पासून ‘डिलाइट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ती ओळखली गेली. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, ओढ मागच्या चाकांची, वजन बेताचे. मुंबईतील टॅक्सी म्हणून ती घराघरांत पोचली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून नाहीशी झाली.

या मोटारीच्या बाजूने सर्वांत सबळ पुरावा वेगळाच आहे. भारतातही युद्धकालीन व जुन्या धावपट्ट्यांवर मोटारींच्या शर्यती भरल्या. मद्रासजवळील शोलावरम, कलकत्त्याजवळील बराकपूर आणि मुंबईतील जुहू ही त्यांची क्षेत्रे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या जुहूच्या मैदानावर उतरले, तेथेच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हौशी तरुण आपल्या मोटारी पळवीत असत. परदेशी मोटारींची आयात जवळजवळ बंद होती. म्हणून संस्थानिकांच्या मूठभर जातिवंत मोटारी सोडल्या तर बहुतेकांच्या हाती घरचीच फियाट होती. तिचे कार्ब्युरेटर बदलावे, सिलिंडरचे डोके घासून संपीडन वाढवावे, आसने व टप काढून वजन उतरवावे, अशा उपायांनी ती शर्यतीस सिद्ध केली जाई. म्हणजे अमेरिकेत विलीजला जे स्थान मिळाले तेच स्थान येथे फियाटला मिळाले. आणि तेही त्याच कारणाने, कारण ती स्वस्त, हलकी आणि हाताशी असलेली मोटार होती.

म्हणून नामपूरच्या एखाद्या कारागिराने अमेरिकन गॅसरची नक्कल करण्यापेक्षा जुहूच्या धावपट्टीवर शोभेल अशी १९६५ सालची फियाट उभी केली, तर ती अधिक कालसंगत ठरेल. अमेरिकन रूपाचाच आग्रह असल्यास विलीजच्या बांध्याची प्रतिकृती करावी आणि ती प्रतिकृती आहे असे उघड सांगावे. प्रतिकृती असण्यात कमीपणा नाही. तिला अस्सल म्हणण्यात आहे.

७. पाठचिकित्सेचा धडा

या बाबतीत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा दाखला बोधप्रद आहे. हे कार्य १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले. १९२५ पासून मृत्यूपर्यंत प्रमुख संपादक असलेल्या डॉ. वि. सी. सुकथनकरांनी १९३३ मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत संपादनाची तत्त्वे मांडली. व्यासांच्या मुखातून निघालेली मूळ संहिता आपण परत मिळविली, असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जिथवर मागे जाता येते तिथवरच जावयाचे, एवढीच त्यांची प्रतिज्ञा होती. ज्या पाठाविषयी खात्री नव्हती त्याखाली नागमोडी रेघ ओढली गेली, आणि गाळलेला मजकूर फेकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत जतन केला गेला.

मोटारीच्या पुनर्रचनेस हे तिन्ही नियम जसेच्या तसे लागू पडतात. पहिला नियम असा की, पुरावा असेल तेवढेच करावे; त्या काळची छायाचित्रे, कारखान्याच्या भागसूची आणि शर्यतींचे छापील नियम हीच येथील हस्तलिखिते. दुसरा नियम असा की, जेथे अनुमान केले तेथे तशी खूण ठेवावी. सुरक्षिततेसाठी आधुनिक पट्टा, लोखंडी पिंजरा किंवा चांगले ब्रेक बसविणे अवश्य आहे; जुन्या काळातील अपघातांचे अनुकरण करण्यात काही इतिहासनिष्ठा नाही. मात्र ते भाग नवे आहेत, ही गोष्ट मोटारीबरोबरच्या टिपणात नमूद असावी. तिसरा नियम असा की, काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा, म्हणजे पुढील पिढीस आपली चूक सुधारता येईल. याच कारणास्तव आधारास संपूर्ण, चालती मोटार न घेता इंजिन हरवलेला, पत्रा गंजलेला सांगाडा घ्यावा. जेथे पाठ आधीच खंडित आहे तेथेच पुनर्रचनेस अधिकार पोचतो.

८. कायद्यातील पेच

आंतरराष्ट्रीय जुनी वाहने महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिन येथे स्वीकारलेल्या सनदेत, वाहनाच्या आयुष्यात त्याच्यावर झालेले बदल हाही त्याच्या इतिहासाचा भाग आहे, ही दृष्टी मान्य केली आहे. आपल्याकडील कायद्याची दृष्टी याहून वेगळी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन अधोरेखित केले. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र शासनाने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनास ‘व्हीए’ अक्षरांची खास क्रमांकमाला मिळते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क पडते आणि नोंदणी १० वर्षे चालते. परंतु सांगाडा, बांधा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, ही अट आहे.

या अटीमागील हेतू स्तुत्य आहे. बनावट जुन्या मोटारींना तिने आळा बसतो. पण तिचा एक परिणाम विचार करावयास लावणारा आहे. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली मोटार कायद्यास ऐतिहासिक वाटते; एखाद्या कारागिराने १९६५ मध्ये जुहूसाठी स्वहस्ते बदललेली फियाट मात्र त्या व्याख्येत बसत नाही. कारखानदाराचा हात इतिहास ठरतो, मिस्त्रीचा हात विकृती ठरतो. अशी मोटार आज कोणाच्या परसात सापडली, तर नोंदणीसाठी तिचे बदल पुसून ती ‘मूळ’ करण्याचा मोह मालकास होणे स्वाभाविक आहे. आणि तसे झाले म्हणजे जो अनन्य पुरावा होता तोच नष्ट होतो. भाषेच्या क्षेत्रात हीच चूक प्रमाणभाषेच्या नावाखाली होत आली आहे. बोलीतील रूप ‘अशुद्ध’ म्हणून सुधारले की भाषेचा इतिहास सांगणारा दुवा तुटतो.

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत करणे त्याच कायद्याच्या १८९ व्या कलमान्वये अपराध आहे, आणि ते योग्यच आहे. कालसंगत मोटारीची जागा बंदिस्त धावपट्टीवर आहे. लोणावळ्याजवळील अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अलीकडे सरळ रेषेतील वेगस्पर्धा भरल्या आहेत. म्हणजे योग्य जागा अगदीच नाहीत असे नाही. अशा ठिकाणी वाहून नेऊन चालवावयाच्या मोटारीस रस्त्यावरील नोंदणीची आवश्यकताही उरत नाही. पेचातून निघण्याची आजची वाट एवढीच आहे.

९. उपसंहार

वरील विवेचनातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे. कालसंगत रचनेस वर्षाचा निश्चय हवा. रूपाबरोबर त्याचे कारणही जुळले पाहिजे. आधारभूत मॉडेल त्या भूमीत त्या कामासाठी खरोखर वापरले गेलेले असावे. या कसोटीस महाराष्ट्रात फियाट ११०० उतरते. आणि एक मोटार बांधण्यासाठी दुसरी अस्सल मोटार नष्ट करू नये.

यापुढे एक कर्तव्य उरते, आणि ते कारागिरापेक्षा अभ्यासकाचे अधिक आहे. जुहूच्या धावपट्टीवर मोटारी पळविणारे आणि त्यांची इंजिने घासूनपुसून सिद्ध करणारे मिस्त्री आता वृद्ध झाले आहेत. त्यांनी काय केले हे बहुतांशी लिहिलेले नाही; ते त्यांच्या हातांत आणि बोलण्यात आहे. पद्मिनीचे सांगाडे भंगारात वजनावर विकले जात आहेत. पत्रा एकदा वितळला की त्यावरील हातोडीच्या खुणा वाचता येत नाहीत, आणि मिस्त्री गेला की त्याचा शब्द कोशात शोधून सापडत नाही. मुंबईच्या गॅरेजांतून, नाशिक-मालेगावच्या रस्त्यांवरील दुरुस्तीच्या टपऱ्यांतून आणि नामपूरसारख्या बाजारगावांतून या कारागिरांची तोंडी साक्ष, त्यांच्या शब्दांसह आणि हत्यारांच्या नावांसह, टिपून घेण्याचे काम विद्यापीठांच्या भाषा व इतिहास विभागांनी एकत्र येऊन केले पाहिजे. मोटार पुढील पिढीसही बांधता येईल. ती कशी होती हे सांगणारा माणूस मात्र पुन्हा बांधता येणार नाही.